टाक्यांचा ठणका आणि अफूचा हिशेब

अमेरिकेत पोटाचे सैल कातडे काढून घेतलेली बाई घरी जायची तेव्हा तिच्या हातात हायड्रोकोडोन किंवा ऑक्सिकोडोनची बाटली असायची. माणदेशातल्या आटपाडीची बाई मिरजेहून किंवा सांगलीहून तीच शस्त्रक्रिया करून घरी येते तेव्हा तिच्या पिशवीत असते अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची पट्टी, एक अँटिबायोटिक आणि पित्ताची गोळी. शस्त्रक्रियांनंतरचा असा फरक एका मोठ्या पाहणीत मोजला गेला. आठ देशांतल्या चौदा रुग्णालयांची ती पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना अफूजन्य औषध लिहून मिळालेले रुग्ण अमेरिकेत शंभरात ९१ होते, तर अमेरिकेबाहेरच्या रुग्णालयांत शंभरात ५.

त्यामुळे ‘सौंदर्यशस्त्रक्रियेनंतरचे दुखणे कमीत कमी अफूत कसे आवरायचे’ हा प्रश्न माणदेशात आणला की तो उलटा होतो. आपल्याकडे अफू आधीच कमी आहे. पण म्हणून दुखणे नीट आवरले जाते का? या विषयावरचे बहुतेक लेखन गोळ्या मोजते. वेदना मोजण्याचे काम तसेच राहते, आणि माझ्या मते खरा हिशेब तिथेच आहे.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण संशोधनाचा बहुतेक पैसा तिथूनच आला. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले. त्याच सुमारास नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीला वेदना हे पाचवे लक्षण म्हणून प्रत्येक रुग्णाचे नोंदवावे, असा आग्रह तिथे सुरू झाला. हेतू चांगला होता. पण नोंद झाली की उत्तर हवे, आणि हाताशी असलेले सर्वांत सोपे उत्तर म्हणजे गोळी. २०१७ च्या एका अभ्यासात दिसले की आधी कधीही अफूजन्य औषध न घेतलेल्या माणसांपैकी सुमारे सहा टक्के माणसे शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनीही ती औषधे घेत होती. शस्त्रक्रिया किरकोळ होती की मोठी, याने त्या आकड्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे टाके भरून आले, दुखणे गेले, आणि गोळी मागे राहिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात आढळले की दोन-तृतीयांशाहून अधिक रुग्णांकडे न वापरलेल्या गोळ्या उरतात. त्या घरातल्या कपाटात पडून राहतात आणि मग कोणाच्याही हाती लागतात.

सौंदर्यशस्त्रक्रियेत हे अधिक बोचते. माणूस धडधाकट असतो, आपल्या पायांनी चालत येतो, आपल्या मर्जीने टेबलावर झोपतो. त्याला व्यसन लावून घरी पाठवणे कुठल्याच हिशेबात बसत नाही. म्हणून तिथल्या प्लास्टिक सर्जनांनी दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नाचा पाठलाग केला.

आपला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अफूचे आपल्याला वावडे नव्हते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत, कारण दिवसभर मूल सांभाळायला घरी कोणी नसे. पुढे १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यातल्या शिक्षा इतक्या जबर आणि परवान्यांची रांग इतकी लांब, की औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. आधी वर्षाला कित्येकशे किलो मॉर्फिन वापरणाऱ्या या देशाचा आकडा १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. तेही नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने चालू असताना, जगाला औषधी अफू पुरवत असताना. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसांसाठी ही कोंडी फोडायला केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. २००३ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया ही संस्था काढली. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेन्टॅनिलसारख्या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळे काढले आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकाच परवान्यावर ती ठेवायची सोय केली.

कायदा सुटसुटीत झाला तरी धास्ती गेली नाही. तालुक्याच्या गावातल्या वीस खाटांच्या दवाखान्यात आजही मॉर्फिन सहसा नसते. तिथला भूलतज्ज्ञ पेन्टाझोसिन किंवा ट्रॅमाडॉलवर वेळ निभावतो. ट्रॅमाडॉलही एप्रिल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आले.

आता जिथे अफू नव्हती तिथे शस्त्रक्रिया कशा झाल्या, हे पाहायला लांब जायला नको. १७९३ च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक नव्याने बसवले गेले. हा इंग्रज फौजेच्या चाकरीत होता. टिपूच्या सैनिकांनी पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिले. कंपनीच्या डॉक्टरांनी ते पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह हकिगत छापून आली. त्यावरून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. तेव्हा ईथरची भूल यायला अजून तीस वर्षांहून अधिक काळ होता. नव्या नाकाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. कपाळ सोलताना कावसजीने काय सोसले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा सुरीच्या बाजूनेच लिहिला जातो.

दुसरे उदाहरण आटपाडीच्या शेजारचे. पंढरपुरात १९३० साली जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले. पुढे अपघाताने शरीर अर्धे लुळे पडले, तरी ते वर्षातले काही महिने भारतात येऊन फुकट शिबिरे घेत राहिले. फाटलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळे डोळे, चेहऱ्यावरचे व्रण, अशा शस्त्रक्रिया एकेका दिवसात मोठ्या संख्येने होत. पुण्याची भारतीय जैन संघटना महाराष्ट्रातली शिबिरे भरवी. २००१ मध्ये दीक्षितांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. या शिबिरांचे तंत्र वेदनेच्या दृष्टीने फार कोणी पाहिले नाही. बहुतेक काम जागेवरच्या भुलीवर चाले. ओठाच्या वर डोळ्याखालून येणारी नस बधिर केली की ओठ शिवता येतो, आणि शिवून झाल्यावरही काही तास ओठ दुखत नाही. लहान मुलाला अफूजन्य औषध दिले तर श्वास मंदावण्याची भीती. इथे ते लागतच नाही. गरज म्हणून केलेल्या या गोष्टीला आता मोठ्या परिषदांमध्ये नाव आणि मान मिळाला आहे.

सध्याच्या पद्धतीचा गाभा डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९३ मध्ये मांडला: एका जोरकस औषधावर सगळा भार टाकू नका, वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी औषधे थोडी थोडी द्या, आणि दुखायला लागायच्या आधी द्या. जखमेच्या जागी नस बधिर, सूज कमी करणारी गोळी वेगळी, पॅरासिटामॉल वेगळे, आणि हे सगळे घड्याळ लावून. अफूजन्य औषध शेवटी, उरलेल्या दुखण्यापुरते.

यातली कुठली गोष्ट किती चालते? सर्वांत भक्कम पुरावा सर्वांत स्वस्त जोडीचा आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिले तर अक्कलदाढ काढल्यानंतरच्या चाचण्यांत ते बहुतेक अफूजन्य गोळ्यांपेक्षा सरस ठरले. प्लास्टिक सर्जन आयबुप्रोफेनला घाबरत, कारण त्याने रक्त जास्त वाहून कातडीखाली साकळेल असे त्यांना वाटे. २०१६ च्या आढाव्याने ती भीती बरीचशी निराधार ठरवली. त्याच गटातल्या केटोरोलॅकबद्दल मात्र सावधपणा अजून आहे. भूल देताना डेक्सामेथासोनचे एक इंजेक्शन दिले तर मळमळही कमी होते आणि दुखणेही थोडे उतरते.

गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन या गोळ्यांबद्दल माझे मत कडू आहे. दहा वर्षे ती औषधे अशा उपायांच्या प्रत्येक यादीत पहिल्या ओळीत होती. २०२० मध्ये शेकडो चाचण्या एकत्र तपासल्यावर निष्पन्न झाले की रुग्णाला जाणवेल इतका फायदा नाही. गुंगी आणि चक्कर मात्र आहे. अफूजन्य औषधांसोबत ती श्वास मंदावू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच दिला होता. तरीही आपल्याकडच्या चिठ्ठ्यांत प्रीगॅबालिन सर्रास दिसते. एक गोळी काढून दुसरी बसवली की प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांची ही सवय आहे.

लिपोसक्शनसाठी जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने १९८७ मध्ये मांडलेली पद्धत मात्र खरोखर क्रांतिकारक. लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन भरपूर सलाइनमध्ये पातळ करून चरबीत सोडायचे. कातडी फुगते, रक्त जात नाही, भूल तासन्‌तास टिकते आणि बऱ्याच वेळा पूर्ण बेशुद्ध करावे लागत नाही. एरवी साध्या लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे साडेचार मिलिग्रॅम. क्लाइनच्या पद्धतीत ती ३५ पर्यंत जाते, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला १,७५० मिलिग्रॅम. इतके औषध चरबीतून हळूहळू रक्तात येते आणि त्याची पातळी सर्वांत वर जाते ती बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा, जेव्हा पेशंट घरी असतो. ओठ बधिर होणे, कानात गुणगुण, तोंडाला धातूसारखी चव, ही त्याची पहिली चिन्हे. ‘दिवसभरात घरी’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी ही चिन्हे पेशंटला लिहून द्यायला हवीत, आणि विष उतरवणारे चरबीचे द्रावण, इंट्रालिपिड, दवाखान्यात असायला हवे.

मोठ्या शस्त्रक्रियांना नसांचे ब्लॉक आले. पोट आवळण्याच्या शस्त्रक्रियेत स्नायूही शिवतात, म्हणून ती सर्वांत दुखऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांपैकी एक. खोकला आला, उठायला गेले की जीव कळवळतो. नाकाच्या शस्त्रक्रियेत त्या मानाने दुखणे थोडे, चोंदल्याचा त्रास जास्त. केस रोपणाला तर दोन-तीन दिवस साध्या गोळ्या पुरतात. पोटासाठी पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडतात. ही युक्ती २००१ मध्ये आली. स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी छातीच्या स्नायूंखालचा ब्लॉक २०११ मध्ये. दोन्ही आता सोनोग्राफीच्या यंत्रावर सुई बघत दिले जातात. मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले, तीन दिवस टिकेल म्हणून विकले जाणारे महागडे बुपिव्हॅकेन २०११ पासून अमेरिकेत आहे; पण साध्या बुपिव्हॅकेनशी तुलना केल्यावर फरक इतका थोडा निघाला की त्याच्या किमतीचे समर्थन अवघड आहे.

एक महत्त्वाची बातमी या विषयाच्या नेमकी मध्यभागी येते. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन या गोळीला मान्यता मिळाली. ती वेदनेच्या नसांतल्या सोडियमच्या एका विशिष्ट दारावर काम करते, मेंदूवर करत नाही. म्हणून तिचे व्यसन लागू नये अशी अपेक्षा आहे. तिची मोठी चाचणी झाली ती पोटाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेच्या हजाराहून अधिक रुग्णांवर आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेवर. साखरेच्या गोळीपेक्षा ती सरस ठरली. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरली नाही. बाजारात आली तेव्हा एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती, पहिल्या मात्रेनंतर दिवसाला दोन गोळ्या. वर्तमानपत्रांनी ‘अफूला पर्याय’ म्हणून मथळे दिले. आयबुप्रोफेनशी तिची झुंज लावलेली मला अधिक पाहायला आवडली असती.

अफू पूर्ण वजा करण्याचा हट्टही तपासला गेला. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यात ४७ चाचण्या होत्या: घरी जाताना अफूजन्य औषध न दिल्याने दुसऱ्या दिवशीचे दुखणे वाढले नाही आणि उलट्या कमी झाल्या. हा घरी गेल्यानंतरचा काळ. टेबलावर मात्र वेगळे दिसले. फ्रान्समधल्या २०२१ च्या चाचणीत भुलीतून अफूजन्य औषध पूर्ण काढून डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध वापरले, तेव्हा नाडी धोकादायक मंद होऊन चाचणी मध्येच थांबवावी लागली. मला यातून इतकेच घ्यावेसे वाटते: शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाला फेन्टॅनिल वापरू द्या, घरी पाठवताना सहसा अफूजन्य औषधाची चिठ्ठी देऊ नका. भाजलेल्या रुग्णाच्या ड्रेसिंगला हा नियमही लावू नये. भाजल्याचे व्रण आणि आखडलेली बोटे सोडवणे हे आपल्याकडच्या प्लास्टिक सर्जरीचे खरे काम, आणि तिथे अफूजन्य औषध नाकारणे म्हणजे निव्वळ क्रौर्य.

आता आटपाडीकडे परत. इथली नि खानापूर तालुक्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात देशभर पसरलेली आहेत. केरळ, तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत गलाईवाले सापडतात. शस्त्रक्रिया कोचीत किंवा कोइमतूरला आणि विश्रांती गावाकडे, असे त्या घरांत सहज होऊ शकते. सर्जन हजार किलोमीटरवर राहतो, आणि ठणका लागल्यावर जवळ असते ते कोपऱ्यावरचे मेडिकल.

तिथे मिळते ती पट्टी अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची. डोके दुखले म्हणून वर आणखी पॅरासिटामॉल घेतले जाते, आणि दोन्हीत तेच औषध आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. दिवसाला चार ग्रॅमची कमाल मर्यादा अशीच ओलांडली जाते, यकृतावर ताण येतो. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचे दुखणे वेगळे: जठरात व्रण, आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाला मार. माणदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात, जेवण कमी झालेल्या, मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईला आठवडाभर डायक्लोफेनॅक देणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही. अमेरिकेने अफूची भीती घेतली म्हणून आपण या गोळ्यांना निर्धोक समजू नये. आपली गोळी व्यसन लावत नाही, एवढेच.

आणि एक गोष्ट संशोधनाच्या कागदांत फारशी सापडत नाही. सौंदर्यशस्त्रक्रिया केलेला माणूस दुखते म्हणून बोलायला कचरतो. ‘कोणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही तरी त्याला ऐकू येतो. जिममध्ये जाणारा पोरगा वाढलेली छाती कमी करून घेतो ते मित्रांनाही न सांगता. बाळंतपणांनंतर पोट आवळून घेणारी सून सासरी गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले म्हणून सांगते. दुखणे लपवायचे, तर गोळी वेळेवर मागता येत नाही. मग ते टिपेला पोचल्यावर इंजेक्शन शोधत जावे लागते. ‘घड्याळ लावून गोळ्या’ हा नियम अशा घरात सर्वांत आधी मोडतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी काय विचारावे, तर सोबत येणाऱ्या माणसाला खरे काय झाले ते माहीत असेल का.

राहता राहिला कायदा. ब्लॉकसाठी सोनोग्राफी लागते, आणि महाराष्ट्रात सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदलेले असावे लागते. सांगली जिल्ह्यात त्यावर नजर कडक आहे आणि त्याला कारण आहे: मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले होते. पण आपल्याकडचा भूलतज्ज्ञ एका रुग्णालयात बसून नसतो; सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्या गावी. स्वतःचे लहान यंत्र गाडीत टाकून तो फिरू शकत नाही. दुसऱ्या बाजूला अमली पदार्थांचा कायदा. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत एमडी हे नशेचे द्रव्य बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला. पुढच्याच महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्यातून टॅपेन्टाडॉल या अफूजन्य वेदनाशामकाच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे उघड झाले आणि केंद्राने त्यांच्यावर बंदी घातली. अशा प्रत्येक बातमीनंतर मेडिकलवाला आणखी हात आखडता घेतो. दोन्ही कायद्यांमागे मेलेल्या आणि बुडालेल्या माणसांची कारणे आहेत, ते ढिले करा असे मी म्हणणार नाही. भूलतज्ज्ञाच्या यंत्राला गर्भाची तपासणी करताच येणार नाही, फक्त सुई बघता येईल, अशी सोय करून वेगळी नोंदणी देणे मात्र सरकारला जमण्यासारखे आहे.

ते होईपर्यंत ज्याला यंत्रही लागत नाही आणि अफूचा परवानाही लागत नाही, असा उपाय हाताशी आहे. शेवटचे टाके घालण्याआधी सर्जनने स्वतः जखमेच्या कडांत आणि स्नायूंच्या आवरणाखाली साधे बुपिव्हॅकेन सोडायचे. पोट उघडेच असते, थर डोळ्यांना दिसत असतो. त्याने सहा-आठ तास मिळतात. त्या तासांतच पहिली पॅरासिटामॉल आणि पहिली आयबुप्रोफेन पोटात गेलेली असावी. भूल उतरल्यावर नव्हे. पुढचे तीन दिवस दुखो न दुखो वेळेवर, मग लागेल तशी. मूत्रपिंडाचा किंवा जठराचा त्रास असणाऱ्याला फक्त पॅरासिटामॉल, आणि त्याच्यासाठी डॉक्टरांनी ट्रॅमाडॉलच्या मोजक्या गोळ्या लिहून दिल्या तर त्यात गैर काही नाही.

घरी नेण्याच्या चिठ्ठीवर गोळ्यांखेरीज आणखी दोन ओळी हव्यात. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे उतरायला हवे. ते एकाच बाजूला वाढत असेल, तिथे फुगले आणि ताणले असेल, तर आत रक्त साकळले असण्याची शक्यता आहे. आणि पोट आवळल्यानंतर, विशेषतः कोचीहून रेल्वेने इतका लांब प्रवास करून आल्यावर, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर मेडिकलमध्ये जाऊन पट्टी मागायची नाही. मिळेल ती गाडी करून थेट मिरज किंवा सांगली गाठायची.